भंगाळे साहेब आणि न हलणारा सात

भंगाळे साहेब भित्रे होते. निंदा म्हणून सांगत नाही. कुणी उंच असतं, कुणी सावळं असतं, तसे ते भित्रे होते. कुत्र्याला भ्यायचे. वीज कडाडली की टेबलाचा कोपरा धरायचे. एसटीत मागच्या संकटकालीन दाराजवळचीच जागा घ्यायचे आणि बसायच्या आधी त्या दाराची कडी हलवून बघायचे. कंडक्टर ओरडायचा, सगळी बस मागं वळून बघायची, पण कडी हलवल्याशिवाय माणूस बसायचा नाही. खिशाला पेनं दोन. पिशवीत रुमाल दोन. सायकलच्या कुलपाच्या किल्ल्या दोन, एक खिशात आणि एक मोज्यात.

आमच्या गिरणीतली जुनी माणसं आजही कुठं भेटली की म्हणतात, "नाना, त्या भंगाळ्यानं त्या दिवशी आपल्याला सगळ्यांना उडवलं असतं." मी नुसतं हं म्हणतो. इतकी वर्षं हं म्हणत आलो. आता माझं वय झालं, आणि मी गेल्यावर हेच खरं म्हणून उरेल याची मला भीती वाटते. त्या दिवशी बॉयलर फुटता फुटता राहिला, हे खरं. भंगाळे साहेबांची चूक झाली, हेही खरं. पण ते निम्मं झालं. उरलेलं निम्मं मला ठाऊक आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

गिरणी सरकीच्या तेलाची, जळगावच्या बाहेर. मी तिथला बॉयलर अटेंडंट. मूळचा धुळ्याकडचा, शिक्षण चौथी, पण परवाना सरकारी, तोंडी परीक्षा देऊन मिळवलेला. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं मला सात प्रश्न विचारले आणि आठवा मी त्याला विचारला, असा माझा तेव्हाचा ताठा. बॉयलर हाऊसच्या दारात मी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. विचारल्याशिवाय रेघेच्या आत कुणी यायचं नाही. शेठसुद्धा रेघेवर चपला थांबवून म्हणायचे, "नाना, येऊ का?"

नव्वद सालानंतरची गोष्ट. शेठनी गिरणीत संगणक आणले आणि त्यांच्याबरोबर भंगाळे साहेब आले. असोद्याचे. घरी केळीचं आणि कापसाचं शेत, हा एकटाच शिकलेला. कुठल्या नळीत किती ऊन, म्हणजे उष्णता, कुठं किती दाब, हे सगळं तारांनी त्यांच्या केबिनमध्ये यायचं आणि पडद्यावर दिसायचं. ते दिसण्यासाठी लागणारं सगळं लिखाण त्यांनी स्वतः केलेलं. सी नावाची भाषा होती म्हणे. मी एकदा विचारलं, "नुसतं सी? पुढचं अक्षर नाही?" तर पोट धरून हसले. हसतानाही डोळे मात्र बॉयलरवर.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "या की साहेब आत."

"इथूनच बरं आहे, नाना."

पुढं चार वर्षं ते इथूनच बरे होते. रेघेबाहेर उभे राहायचे, एक पाय मागं, पळायच्या तयारीत. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला यायचे, हातात त्यांच्या पडद्यावरचे आकडे लिहिलेला कागद. तिथूनच ओरडायचे, "नाना, काटा किती?"

मी सांगायचो, "सात."

मग तो त्यांचा ठरलेला प्रश्न. "बघितलंय, का वाटतंय?"

याचा मला भयंकर राग यायचा. वीस वर्षं आग सांभाळलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का? पण ते सगळ्यांनाच विचारायचे. चहावाला म्हणाला साखर कमी घातलीय, "बघितलंय, का वाटतंय?" एकदा शेठ म्हणाले, सोमवारी माल येणार. साहेबांच्या तोंडून गेलंच, "बघितलंय, का..." आणि मग तोंडावर हात. शेठनी ते मनावर घेतलं नाही. मी असतो तर घेतलं असतं.

आमचा फायरमन सुपडू. भट्टीत टरफलं टाकायचं काम त्याचं. त्याची भाषा शुद्ध अहिराणी, तोंडाला कुलूप नाही. साहेब दारात दिसले की म्हणायचा, "नाना, तुमना ससा येल शे." साहेबांना ऐकू जायचं. ते म्हणायचे, "ससा जगतो, सुपडू. भीती आहे म्हणून जगतो."

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काटा म्हणजे दाब दाखवणारी तबकडी. बॉयलरच्या कपाळावर, आठ पायऱ्यांच्या लोखंडी शिडीवर. रोजचा दाब सात किलो. दहावर तांबडी खूण. तासातासाला शिडी चढायची, वाफेनं धुरकटलेली काच पुसायची आणि वाचायचं. संगणक आल्यावर शेठनी हुकूम काढला की रजिस्टर पडद्यावर बघून भरायचं, आणि ज्याला पडदा वाचता येत नसेल त्याच्या जागी आयटीआय झालेला माणूस घेऊ. दारालगत काचेच्या कपाटात एक जुना संगणक बसवला. साहेबांनी तो रेघेबाहेर राहून बसवला, फक्त पडद्याचं तोंड आत. त्यावर बारा ओळी, सगळ्या इंग्रजीत, मुंग्यांसारख्या.

मला आकडे वाचता येत होते. नावं येत नव्हती. कुठली ओळ दाबाची आणि कुठली उन्हाची, मला कळेना. मी आठवडाभर अंदाजानं रजिस्टर भरलं.

आठव्या दिवशी साहेब रजिस्टर चाळताना थांबले. मी दाबाच्या रकान्यात एकशे दहा लिहून ठेवलं होतं. एकशे दहा किलो दाब असता तर गिरणीच काय, शेजारचा कारखानाही उरला नसता. सुपडू तिथंच उभा. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या पडद्याचं काहीतरी चुकलंय. मी बघतो."

दोन दिवसांनी त्यांनी मला एक फ्लॉपी आणून दिली. कपाटातला संगणक त्यांनी चालू केला तर पडद्यावर बॉयलरचं चित्र. पोट, चिमणी, सगळं. आणि मधोमध वितभर उंचीचा एकच आकडा. ६.९. मग ७.०. मग ७.१. शेजारी एक पट्टी, तांबडी होत जाणारी. एकसुद्धा अक्षर नाही.

"हे फक्त तुमच्यासाठी," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मुख्य लिखाणात हे नाही. शेठना ठाऊक नाही. फ्लॉपी तुमच्याकडेच ठेवा."

मी आभार मानले नाहीत. म्हणालो, "चष्म्याचा नंबर वाढलाय माझा, त्यामुळं जरा."

"हो, चष्माच," ते म्हणाले.

फ्लॉपी मी माझ्या पत्र्याच्या पेटीत परवान्याशेजारी ठेवली, आणि त्या दिवसापासून हळूहळू शिडी चढायची सोडली. वितभराचा आकडा समोर असताना आठ पायऱ्या कोण चढतो?

पुढं शेठनी धुळ्याला दुसरी गिरणी घ्यायची ठरवली. साहेबांचं सगळं लिखाण तिकडं जायचं होतं आणि तिथं दुसराच माणूस ते चालवणार होता. आधी ते नीट करायला हवं, असं साहेबांनी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, चालतंय ना, मग नीट काय करायचं? मलाही तसंच वाटलं. दुपारी डबा खाताना साहेबांनी रेघेबाहेरच्या स्टुलावर बसून मला समजावलं. ते मी आयुष्यात विसरणार नाही, कारण पुढं सगळं त्यावरच गेलं.

"नाना, असं समजा, गिरणीच्या फाटकावर एक यादी टांगलीय. सुपडू: याला टरफलं द्यायची, हा राख परत देतो. हमाल: याला चिठ्ठी द्यायची, हा पोतं परत देतो. माझ्या लिखाणात असे शंभरेक मदतनीस आहेत. कुणी तारेवरचा आकडा घेऊन दाब करून देतो, कुणी ऊन करून देतो. त्यांची यादी वेगळ्या फाइलीत असते. संगणक माणूस बघत नाही. यादी बघतो."

"मग?"

"चार वर्षांत यादीचा उकिरडा झालाय. एकच नाव तीन ठिकाणी. एका ठिकाणी लिहिलंय राख देतो, दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय पोतं देतो. काही नावांची माणसंच आता नाहीत. आणि काही मदतनीस घरातले, बाहेरच्यांना त्यांची गरज नाही, तरी त्यांची नावं फाटकावर. ती आत न्यायची, मेलेली खोडायची, एक नाव एकाच जागी ठेवायचं."

"त्यात भ्यायचं काय?"

त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "समजा, मी एक नाव खोडलं आणि कुणीतरी त्याला हाक मारतच होतं. तर संगणकानं थांबायला पाहिजे ना? हा थांबत नाही, नाना. नाव यादीत नसलं तर हा गृहीत धरतो की तो माणूस एक साधा पूर्ण आकडाच परत देणार. खरं काय देतो ते बघत नाही. जवळ जो आकडा पडलेला असेल तो उचलतो आणि पुढं जातो."

"आणि सांगत नाही?"

"अवाक्षर नाही."

एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. निम्मी भाकरी तशीच.

तीन आठवडे हे चाललं. दिवसाला तीन, कधी चार नावं. एक नाव काढायचं, सगळं लिखाण नव्यानं बांधायचं, मग गिरणीभर हिंडून एकेक आकडा खऱ्या तबकडीशी ताडून बघायचा. दारातून माझा काटा विचारायचा. माणूस वाळला. मी चिडवायचो, "एक नाव खोडायला अर्धा दिवस? अशानं धुळ्याची गिरणी तुमच्या नातवाच्या हस्ते सुरू होईल."

"तुम्ही बॉयलर थंड न करता झाकण उघडता का, नाना?"

मी भट्टीकडे वळलो. पण शेठना घाई होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत संपवा म्हणाले. अजून चाळीसच्या वर नावं उरली होती. साहेबांनी ती एका दिवसात काढली. प्रत्येक नावाला कोण हाक मारतं ते त्यांनी आपल्या संगणकात शोधलं. कुणी सापडलं नाही तर नाव आत नेलं. दाब करून देणारा मदतनीस त्यातलाच. त्याला बाहेरून हाक मारणारं लिखाण अख्ख्या गिरणीत एकच होतं, आणि ते माझ्या पत्र्याच्या पेटीत होतं.

शनिवारी सकाळी साहेब आले, डोळे लाल. माझ्याकडून फ्लॉपी मागून घेतली, रेघेबाहेर स्टुलावर बसून माझा पडदा नव्या यादीवर बांधला. संगणक काही बोलला नाही. चित्र आलं. पोट, चिमणी, मधोमध ७.०.

साहेब बराच वेळ बघत बसले. मग तिथूनच विचारलं, "नाना, काटा किती?"

मी पालथ्या टोपलीवर बसून तंबाखू मळत होतो. मान वळवून पडदा बघितला. "सात."

"बघितलंय, का वाटतंय?"

रोजचाच प्रश्न. पण त्या दिवशी नवा हमाल पाणी प्यायला दारात आला होता, तो हसला. माझं डोकं फिरलं.

"बघितलंय!" मी म्हणालो. "चढून बघितलंय, पुसून बघितलंय. आता जा घरी, झोपा."

मी जागचा हललो नव्हतो.

साहेबांनी मान डोलावली, फ्लॉपी रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिली आणि सायकल काढून असोद्याला गेले.

आता आणखी एक. बॉयलरवर दांडीची सेफ्टी असते. दांडीच्या टोकाला ठरलेलं वजन. दाब दहाच्या वर गेला की वाफ दांडी उचलते आणि स्वतः बाहेर पडते. आमची सेफ्टी जुनी, आठ-नऊलाच फिसफिसायची. शेठ म्हणायचे दुरुस्ती दिवाळीनंतर. तो फिसफिसाट मला सहन व्हायचा नाही, वाफ वाया जाते, पाणी वाया जातं. मी जुन्या तेलघाण्याची एक लोखंडी चकती तारेनं त्या दांडीला जास्तीची टांगून ठेवली होती. धुळ्याला माझ्या उस्तादानं तसं केलेलं मी बघितलं होतं. असं करणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यातले काही मेले.

दुपारी दीडच्या सुमाराला आत तेलाच्या बाजूला एक पट्टा तुटला आणि वाफ घेणं बंद झालं, ती बॉयलरमध्येच साठायला लागली. मला कुणी सांगायला आलं नाही. सुपडू टरफलं टाकतच होता.

"नाना, आते कितला टाकू?"

"टाक. सातच आहे."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "नाना, हाई आज कशी गुरगुरी राहिनी!"

मी पडदा बघितला. ७.०. "तुझं पोट गुरगुरत असेल. टाक."

मला काहीच कसं कळलं नाही, हे मी स्वतःला अजून विचारतो. कान होते माझे. त्याच कानांवर मी वीस वर्षं भाकरी खाल्ली. पण समोर वितभर आकडा होता आणि तो सात म्हणत होता.

तेवढ्यात फाटकाकडून कुणीतरी ओरडत आलं. भंगाळे साहेब. सायकल मागं कुठंतरी टाकलेली, एका पायात चप्पल, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. असोद्याला घरी झोपून उठल्यावर ते जेवायला हात धूत होते. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, की सकाळी अर्धा तास ते पडद्यासमोर बसले आणि तो सात एकदाही हलला नाही. सहा नऊ नाही, सात एक नाही. चालत्या बॉयलरचा आकडा कधी स्थिर राहत नाही. ताटावर न बसता ते तसेच उलटे निघाले.

ते रेघेपाशी आले आणि थांबले नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदा.

"नाना, साहेब आत येल शेतस!" सुपडूच्या हातातलं फावडं खाली पडलं.

साहेब भ्याले की त्यांची शिकलेली भाषा जायची, असोद्याची यायची. "नाना, काटा पाह्यला का तुम्ही? पाह्यला का?" असं म्हणत ते शिडी चढायला लागले. दोनदा पाय घसरला. मी खालून बघत होतो, तोंडात तंबाखू. वर जाऊन त्यांनी तळहातानं काच पुसली. पोळली असणार, पण हात काढला नाही. मग वाकून बघितलं.

"तेरा," ते म्हणाले. "नाना, तेरा. आग काढा पह्यले. आग काढा."

मी पडद्याकडे बघितलं. सात.

त्या क्षणाची भीती मला सांगता येणार नाही. मरणाची नव्हती ती. वीस वर्षं मी ज्याला हात लावून ओळखत होतो, तो बॉयलर माझ्यासमोर परका होऊन उभा होता, आणि मी त्याच्याकडे पाठ करून चित्र बघत बसलो होतो.

मग हात चालले. पाण्याची काच बघितली, पाणी होतं, देवाची कृपा. हवेची झडप बंद. सुपडू आणि मी भट्टीतली आग फरशीवर ओढायला लागलो. निखारे पायावर उडत होते. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. हमाल पळाले. साहेबांनाही म्हणालो, "पळा!" ते शिडीवरच.

"सेफ्टी का उठत नाही, नाना?" आणि मग त्यांना चकती दिसली. त्यांनी फक्त बघितलं.

मी चढलो. त्यांना बाजूला करून तार सोडली. चकती हातात आली आणि सेफ्टी जी ओरडली! छपराचे पत्रे थरथरले. पांढऱ्या वाफेत मला साहेब दिसेनात, त्यांची नुसती बोटं दिसत होती, शिडीचा गज धरलेली. काटा उतरायला किती वेळ लागला ठाऊक नाही. ते तिथं उभे राहून आकडे ओरडत होते आणि मी खालून ऐकत होतो. साडेबारा. बारा. साडेअकरा. प्रत्येक आकडा बघून सांगितलेला.

आठवर आल्यावर ते खाली उतरले, रेघेबाहेर गेले आणि ओकले.

मग स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं काय झालं ते. तारा क्रमानं होत्या, दाबाची तार सातव्या नंबरची. नाव यादीत नव्हतं, म्हणून संगणकानं जवळ पडलेला आकडा उचलला, तो तारेचा नंबर होता. सात. "दुसरा कुठलाही आकडा असता तर आपण दोघं ओरडलो असतो," ते म्हणाले. "नेमका रोजचाच निघाला."

शेठ आले. सगळी गिरणी दारात गोळा झालेली. शेठनी विचारलं, काय झालं?

भंगाळे साहेब उठून उभे राहिले. भित्रा माणूस, शेठसमोर एरवी नजर वर न करणारा. म्हणाले, "चूक माझी आहे. मी यादीतून एक नाव काढलं. काढायच्या आधी नीट शोधलं नाही. नानांच्या पडद्यावर खोटा आकडा आला."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. तुम्ही सांगा असं त्यांच्या नजरेत नव्हतं, सांगू नका असंही नव्हतं. त्यांचं बोलून झालं होतं आणि आता माझी पाळी होती, एवढंच. पण बोललो असतो तर आधी पडदा वेगळा का केला ते आलं असतं, मग इंग्रजी न येणं, मग काटा न बघणं, मग चकती. एकात एक अडकलेलं. चकती राखेच्या ढिगामागं माझ्या पायाशी होती. मी ती पायानं आणखी आत सरकवली.

शेठ म्हणाले, "नाना, तुमचं काही?"

मी म्हणालो, "नाही."

सुपडूनं सगळं बघितलं होतं. तोंडाला कुलूप नसलेला माणूस, पण चकतीचं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं साहेबांना ससा म्हणायचं सोडलं.

साहेबांना आठवडा संपायच्या आत जायला सांगितलं. ते आठवडाभर येत राहिले. काढलेली चाळीसेक नावं त्यांनी पुन्हा आणली आणि एकेक करून, आधीसारखीच, परत तपासली. काम अर्धवट टाकून जायला त्यांना भीती वाटत होती, असं म्हणाले. मी त्या आठवड्यात तासातासाला शिडी चढलो. साहेबांनी रेघेबाहेरून काटा विचारला की मी वरूनच सांगायचो. आमच्यात दुसरं बोलणं झालं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला एक कागद दिला, छापून काढलेला, कडेला भोकं असलेला लांब कागद. ती नवी यादी होती. "एक तुमच्याकडे असू द्या," म्हणाले, आणि गेले.

कागदावर सगळं इंग्रजी. पण मधेच एका ओळीत चार अक्षरं मला ओळखता आली, कारण तशीच माझ्या पेटीवर रंगवलेली होती. माझं नाव. नाना.

माझ्या मनानं लगेच घेतलं, की त्यांनी लिहून ठेवलंय. तोंडानं बोलले नाहीत, पण कागदावर लिहून ठेवलंय की नानानं खोटं सांगितलं, नानानं चकती टांगली. असाच कागद शेठकडे असणार. धुळ्याला गेलेला असणार. तिथला माणूस कधीतरी वाचणार. मी ती यादी पेटीच्या तळाशी ठेवली आणि कुणाला वाचायला दिली नाही. वाचून घ्यायची म्हणजे वाचता येत नाही हे सांगायला हवं, आणि वाचणाऱ्याला ते कळणार. शेठचा निरोप आला की दर वेळी मला वाटायचं, कुणीतरी तो कागद वाचला. निवृत्त झालो तरी ती भीती गेली नाही. ती दांडीची सेफ्टी मात्र मी त्याच महिन्यात शेठच्या मागं लागून दुरुस्त करून घेतली, आणि पुढं माझ्या हाताखाली आलेल्या कुणालाही दांडीला बोट लावू दिलं नाही. का, ते सांगितलं नाही.

काही वर्षांनी एका लग्नाहून येताना भुसावळ स्टेशनवर भंगाळे साहेब दिसले. दुपारची वेळ. केस पांढरे, पिशवी तीच असावी. बाकावर बसायच्या आधी त्यांनी बाक हलवून बघितला, त्यावरून ओळखलं. बोदवडला मुलीकडे चालले होते. मला बघून उठले, "नाना!" म्हणाले, दोन्ही हात धरले. शाळेत मुलांना संगणक शिकवतो म्हणाले. मुलं घाबरत नाहीत, हीच काळजी आहे म्हणाले.

मी लग्नाला जातानाही तो कागद बरोबर नेला होता. खरं म्हणजे कुठंही जाताना नेतच होतो. घरी ठेवला तर कुणाच्या हाती लागेल म्हणून. पाकिटातून काढला. घड्या फाटलेल्या. त्यांच्यापुढं धरला.

"साहेब, मला हे वाचता येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हतं. चष्मा नव्हता तो. हे वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा चढवला, कागद उन्हाकडे धरला. ओळ सापडली तसे जरा हसले.

"हे दाब करून देणाऱ्याचं नाव. आणि शेजारी संगणकासाठी नाही, पुढं काम करणाऱ्या माणसासाठी टीप लिहिलीय. 'हा मदतनीस बॉयलरवरच्या पडद्याला लागतो. काढण्याआधी नानांना विचारावे.'"

"एवढंच?"

"एवढंच. का?"

गाडी लागली होती, लोक चढत होते. शेवटी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी काटा बघितला नव्हता."

ते कागदाची घडी घालत होते. जपून, आधीच्याच घड्यांवर. "मीसुद्धा कुठं बघितला, नाना? मी रेघेबाहेरच होतो."

कागद माझ्या हातात देऊन ते डब्यात चढले आणि खिडकीशी बसले. गाडीनं शिटी दिली. तेव्हा त्यांचा चेहरा एकदम जुन्यासारखा झाला, भ्यालेला. खिडकीतून वाकून विचारलं, "नाना, ही बोदवडला थांबणारीच ना?"

"हो हो, हीच," मी म्हणालो.

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी वळलो. गुडघे दुखतात माझे, पण जमेल तेवढ्या भराभर डब्याच्या टोकापर्यंत गेलो. गाडीच्या नावाची पाटी बघितली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून गार्डला विचारलं, बोदवडला थांबते का. परत येईपर्यंत गाडी हलली होती. खिडकी माझ्यापासून पुढं चालली होती आणि साहेब मान बाहेर काढून वाट बघत होते.

"बघितलं, साहेब," मी ओरडलो. "बघितलं."